‘सहसा’ आणि साहस

आजच्या मराठीत ‘सहसा’ हा फार सौम्य शब्द आहे. ‘तो सहसा कुणाच्या वाटेला जात नाही’ असे म्हणताना ‘बहुधा’, ‘एरवी’ एवढेच आपल्या मनात असते. मुळात मात्र हा बळाचा शब्द. वैदिक संस्कृतात ‘सहस्’ म्हणजे जोर, सामर्थ्य. ऋग्वेदात अग्नीला बळाचा पुत्र म्हटले आहे ते याच शब्दाने. त्याची तृतीया ‘सहसा’, म्हणजे ‘बळाने’. जोरात निघालेला माणूस विचाराला थांबत नाही, म्हणून पुढे या क्रियाविशेषणाला ‘एकाएकी’, ‘अविचाराने’ असे अर्थ आले. हिंदीत आजही ‘सहसा’ म्हणजे अचानक. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त संतापलेल्या भीमाला युधिष्ठिर समजावतो, तेही असे सहसा काही करू नये म्हणूनच. मराठीतले वळण मला अशाच नकारात दिसते. जे अविचाराने करायचे नाही, ते क्वचितच केले जाते. ‘सहसा करू नये’ याचे ‘एरवी करत नाहीत’ झाले असावे आणि पुढे नकार गळला तरी ‘एरवी’ उरले असावे.

याच ‘सहस्’पासून साहस आले आणि त्याचा प्रवास नेमका उलटा झाला. मनुस्मृतीतल्या खटल्यांच्या 18 प्रकारांत साहस हा एक गुन्हा आहे: मालकाच्या देखत, बळजोरीने केलेले कृत्य. त्याच्या पाठीमागे केले तर ती चोरी. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव होते. प्रथम साहस 250 पण (तेव्हाचे नाणे), मध्यम 500, उत्तम 1000. आज भारत सरकार ‘तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार’ देते. ज्याला दंड होता त्याला मान मिळाला, तो कशामुळे? बळ आणि बेपर्वाई शब्दात तशीच राहिली. बदलले ते एवढेच, की जोखीम कोणाच्या माथी. धर्मशास्त्रातल्या साहसात घाव दुसऱ्यावर पडतो, गिर्यारोहकाच्या साहसात तो स्वतःवर पडू शकतो.

कोणी म्हणेल, हा गौरव इंग्रजी कल्पनांच्या भाषांतरातून आला. काही अंशी ते खरे असेल. पण शब्दातला हा ताण जुना आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक आपल्या प्रेयसीला, मदनिका या दासीला, दास्यातून सोडवण्यासाठी घरफोडी करतो आणि लक्ष्मी साहसातच राहते, असे तिला ऐकवतो. पण त्याआधी मदनिकेने त्याला बजावलेले असते, की तू देह आणि चारित्र्य दोन्ही पणाला लावलेस. स्तुती आणि शंका तेव्हाही समोरासमोर उभ्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शब्दाचे कूळ त्याचा आजचा अर्थ ठरवत नाही, वापर ठरवतो. हे मला मान्य आहे, म्हणूनच वापराचीच साक्ष काढतो. साहस सद्गुण ठरल्यावर जुना अर्थ सांगायला आपल्याला ‘दुस्साहस’ लागले. तरीही घरातली वडीलधारी माणसे ‘उगाच साहस करू नकोस’ म्हणतात, तेव्हा त्यांना अविचारच अभिप्रेत असतो. भाषेने जुना सावधपणा टाकलेला नाही. कडा चढणारा स्वतःचा जीव पणाला लावतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर गाडी पुढे काढणारा समोरून येणाऱ्याचाही लावतो. दोघांना एकाच शब्दाने गौरवले, तर मदनिकेने दाखवलेला देह आणि चारित्र्य यांतला फरक आपण पुसून टाकू.