दोन्ही बाजू समजणारा मुलगा

मागच्या वर्षी ऑफिसात मी एक टूल लिहिलं. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या, त्यांची वर्गवारी करायची, सोप्या तक्रारींना परस्पर उत्तर देऊन टाकायचं. डेमोला टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी तक्रारी हाताने बघणारी ११ जणांची टीम बंद झाली. त्या टीममधल्या एका मुलीसोबत मी दोन वर्षं डबा खाल्ला होता. शेवटच्या दिवशी ती खाली टपरीवर भेटली. म्हणाली, "तुला काय वाटतं रे यात?" मी म्हणालो, "खरं सांगू का, मला दोन्ही बाजू समजतात."

"समजतात ना? मग?" एवढं विचारून तिने चहाचे पैसे दिले आणि ती निघून गेली.

त्या रात्री झोप येईना म्हणून 'प्रिन्सेस मोनोनोके' लावला. हायाओ मियाझाकींचा, १९९७ सालचा. आधी तीनदा पाहिला होता. खोटं कशाला बोलू, धीर मिळावा म्हणूनच लावला. दोन्ही बाजू समजणारा हिरो म्हटलं की मला आशिताकाच आठवतो. तो माझ्या बाजूने साक्ष देईल असं वाटलं. त्याने दिली नाही. (पुढे चित्रपटाची सगळी गोष्ट येते. पाहिला नसेल तर आधी पाहून या, हा लेख कुठे पळून जात नाही.)

आशिताका १७ वर्षांचा आहे. जपानच्या मुरोमाची काळात, एमिशी लोकांच्या एका लपलेल्या गावाचा राजपुत्र. पिसाळलेला एक रानडुक्कर-देव गावावर चाल करून येतो. हा आधी त्याला थांबण्याची विनवणी करतो. पण तो देव गावातल्या मुलींच्या अंगावर जातो तेव्हा बाण सोडावाच लागतो. देव मरतो, पण मरता मरता याच्या उजव्या हाताला शाप चिकटवून जातो. डाग पसरत जाणार आणि एक दिवस जीव घेणार. गाव वाचवल्याबद्दल त्याला मिळतं काय, तर केस कापून कायमचं निघून जाणं. निरोप द्यायलाही कोणी यायचं नाही असा नियम. एक मुलगी तो मोडून आपला सुरा त्याला देते, तेवढंच.

डुकराच्या शरीरात लोखंडाची एक गोळी सापडलेली असते. ती कुठून आली ते शोधत तो पश्चिमेला जातो आणि पोचतो एबोशी नावाच्या बाईच्या लोखंडाच्या वस्तीत. गोळी तिच्याच बंदुकीतली.

एवढं कळल्यावर साध्या चित्रपटात एबोशी खलनायिका झाली असती. जंगल तोडणारी, देवांवर गोळ्या झाडणारी. ती हे सगळं करतेच, आणि गमतीखातर करत नाही. जपानी तातारा भट्टीत लोहवाळू आणि लाकडी कोळसा दिवसरात्र जाळावा लागतो. आज पारंपरिक पद्धतीने ही भट्टी लावतात तेव्हाही साधारण अडीच टन कच्च्या लोखंडाच्या गोळ्यासाठी दहा-बारा टन कोळसा लागतो. त्यामागे लाकूड किती जात असेल याचा अंदाज करा. डोंगर बोडका होतो तो असा.

पण भट्टीचा भाता चालवतात त्या बायका एबोशीने कुंटणखान्यांतून पैसे मोजून सोडवून आणलेल्या आहेत. त्या पोटभर जेवतात, पुरुषांची टिंगल करतात, मोठ्याने हसतात. आणि मागच्या बागेत, जिथे वस्तीतले इतर लोक फिरकत नाहीत, तिथे बँडेजमध्ये गुंडाळलेली माणसं नव्या बंदुका घडवत बसलेली असतात. ते कुष्ठरोगी आहेत. मियाझाकींच्या घरापासून जवळ ताम झेनशोएन नावाची कुष्ठरुग्णांची जुनी संस्था आहे. या चित्रपटाच्या काळात आपण तिथे जात होतो, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. जपानने कुष्ठरुग्णांना वेगळं डांबून ठेवणारा कायदा रद्द केला तो १९९६ साली, चित्रपटाच्या आदल्याच वर्षी.

मराठी माणसाला इथे आनंदवन आठवणारच. मला आठवलं. आणि त्यापाठोपाठ हेही आठवलं, की कुष्ठरुग्णांसाठी माळरानावर वस्ती उभी करणारे बाबा आमटे १९९० साली धरणाच्या विरोधात नर्मदेकाठी जाऊन राहिले. एबोशीची वस्ती आणि मोनोनोकेची नदी, दोन्ही एकाच आयुष्यात. पण ते असो.

या बागेतलाच प्रसंग मी त्या रात्री तीनदा मागे नेऊन पाहिला. समोर एबोशी उभी आहे आणि आशिताकाचा शापित हात आपणहून तलवारीकडे जातो. डाव्या हाताने तो उजवा दाबून धरतो. एबोशी शांतपणे विचारते, हा हात मला मारू पाहतोय का? तिला मारून शाप सुटणार असता तर हाताला मोकळं सोडलं असतं, पण हात एका जिवावर थांबणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. तेवढ्यात अंथरुणाला खिळलेला एक रोगी तिच्यासाठी दयेची भीक मागतो. आम्हाला माणूस म्हणून वागवणारी, आमच्या जखमा धुणारी ही एकटीच, म्हणतो.

मी इतकी वर्षं समजत होतो की आशिताका शांत स्वभावाचा आहे म्हणून मधे उभा राहू शकतो. तसं नाहीये. त्याला राग आहे, तो अक्षरशः हातात आहे. वाटेत त्याच हाताच्या बाणाने सामुराईंचे हात आणि मुंडकी उडालेली आहेत आणि ते बघून तो स्वतःच हादरलेला आहे. मला टपरीवर कोणता हात दाबून धरावा लागला होता? कुठलाच नाही. माझ्या 'समजतात'मध्ये राग नव्हता आणि धोकाही नव्हता. माझी अप्रेझल झालेली होती.

पुढे तर अजून अडचण. बागेतून बाहेर पडून तो भट्टीवर जातो आणि बायकांसोबत भाता मारतो. ज्या कामाच्या गोळीने तो मरणार आहे तेच काम. त्याच रात्री लांडग्यांमध्ये वाढलेली सान एबोशीला मारायला वस्तीत घुसते. दोघी भिडतात, सगळी वस्ती गोल करून बघते. हा मधे शिरतो, शापाचे साप अंगावर वळवळत असताना सगळ्यांना म्हणतो की द्वेष आत शिरला की असा दिसतो, नीट बघा. मग दोघींना बेशुद्ध पाडतो, सानला खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. लांडग्यांनी जिचा नवरा मारला तिच्या बंदुकीची गोळी त्याच्या आरपार जाते. तो थांबत नाही. दहा माणसांनी उघडायचं फाटक एकटा ढकलतो आणि रक्त सांडत बाहेर पडतो. गंमत म्हणजे शुद्धीवर आल्यावर सानही त्याचा गळाच कापायला निघते.

माझा एक मित्र या पात्रावर चिडतो. त्याच्या मते आशिताका म्हणजे कुंपणावर बसलेला गोड मुलगा. जंगल वाचवायचं असेल तर जंगलाच्या बाजूने लढ ना. आणि शेवटी याने थांबवलं काय? डुकरांच्या फौजा मेल्याच. एबोशीने वनदेवतेचं, शिशिगामीचं, मुंडकं उडवलंच. मित्राच्या या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आशिताका खरोखरच बहुतेक गोष्टी थांबवू शकत नाही.

पण कुंपणावर तो नाही. एबोशी बाहेर असताना आसानोचे सामुराई लोखंड लुटायला वस्तीवर चालून येतात, तेव्हा तो त्यांची बाजू समजून घेत बसत नाही. बायका तटावर लढताहेत हे दिसताच निरोप घेऊन जीव तोडून धावतो. आणि शिशिगामीचं मुंडकं मुळात हवंय कोणाला? अमर व्हायला निघालेल्या सम्राटाला. तो पडद्यावर एकदाही येत नाही. त्याचं फक्त पत्र येतं. त्या एका ऑर्डरपायी जंगल आणि वस्ती एकमेकांच्या नरडीला लागतात.

हे लक्षात आलं तेव्हा लॅपटॉप पॉज केला. मी 'दोन्ही बाजू' म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात कोणत्या दोन होत्या? एक तिची. दुसरी कंपनीची, म्हणजे ज्यांनी ११ हा आकडा ठरवला त्यांची. त्यांना मी अगदी सहज एक बाजू करून टाकलं होतं. टपरीवर तर आम्ही दोघंच होतो. भाता मारणारा मी, आणि जिचं जंगल गेलं ती. पत्र लिहिणारा तिथे नव्हता, आणि मी त्याच्या वतीने समजूतदारपणा दाखवत होतो.

टूल लिहायला मी नकार द्यायला हवा होता का? मला अजूनही तसं वाटत नाही. दुसऱ्याने लिहिलं असतं, हे लंगडं कारण आहे हे माहीत असूनही. पण ते ११ जण दुसरीकडे सामावता येतील का, हे मी एका मीटिंगमध्ये विचारू शकलो असतो. टूलच्या चुका तपासायला माणसं लागतातच, आणि त्या तक्रारी त्यांच्याइतक्या कोणालाच कळत नव्हत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं. विचारलं असतं तर फार तर मॅनेजरचं तोंड वाकडं झालं असतं. इथे आशिताका पोटातून गोळी आरपार घेऊन चालतोय.

शेवटी तो आणि सान मुंडकं स्वतःच्या हातांनी उचलून देवाला परत देतात. देव कोसळतो आणि बोडक्या डोंगरावर हिरवं उगवतं. हातावरचा डाग फिका होतो, खूण राहते. सान त्याला सांगते, तू मला आवडतोस पण माणसांना मी माफ करू शकत नाही. तो तिला माफ कर म्हणत नाही. तू जंगलात राहा, मी वस्तीत राहीन, याकुलवर बसून भेटायला येत जाईन, एवढंच ठरतं. मोरोच्या तोडलेल्या मुंडक्याने एबोशीचा हात तोडून नेलेला आहे, आणि ती म्हणते, पुन्हा सुरुवात करू, चांगली वस्ती बांधू.

पण ती वस्ती लोखंडाची आहे. भट्टी पुन्हा पेटली की कोळसा लागणार, त्या हिशोबात बदल झालेला नाही. लाकूड तोडायला माणसं डोंगरावर जातील तेव्हा आशिताका त्यांच्यात असेल, की त्यांना अडवत असेल, की कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं नाही यावर एबोशीशी रोज भांडत असेल, हे चित्रपट दाखवत नाही. मला तिसरं वाटतं. आणि अशा भांडणांनंतर जेव्हा तो सानला भेटायला जात असेल, तेव्हा त्या आठवड्यात किती झाडं पडली हे ती विचारत असेल आणि त्याला आकडा सांगावा लागत असेल.

तिला मी मागच्या महिन्यात मेसेज केला. टूलचं काय झालं, किती चुका करतं, तिच्या टीमचं कुठलं काम अजून कोणालाच जमत नाहीये, हे सगळं लिहिलं. सॉरी लिहून खोडलं. दोन निळ्या टिका आल्या आहेत.