नकाशाच्या शेवटच्या पानावरची मुलं

आज एका चित्रपटापाशी थोडा वेळ बसू. ‘पॉप्युलारमुसिक फ्रॉन विट्टुला’ हे त्याचं नाव. रेझा बाघेर यांनी तो २००४ मध्ये केला, मिकाएल नीएमी यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून. कादंबरी २००० सालची. स्वीडनमध्ये मानाचा समजला जाणारा ऑगस्ट पुरस्कार तिला त्याच वर्षी मिळाला. तूर्त एवढी ओळख पुरे. चित्रपट पाहिला असेल तर प्रसंग आठवायची धडपड नको, पाहिला नसेल तर चुटपुट नको. खांदे सैल सोडा. श्वास येतो-जातो तसा येऊ द्या.

आता शाळेतला एक नकाशासंग्रह डोळ्यांपुढे आणा. कादंबरीत तो आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. पहिलं पान उघडतं ते स्वीडनच्या दक्षिण टोकाचं, स्कोने प्रांताचं. खूप मोठं करून छापलेलं. रस्त्यांचं जाळं, गावांची दाटी, शेतं. मुलगा एकेक पान उलटत उत्तरेकडे सरकतो. अगदी शेवटी त्याचा स्वतःचा मुलूख येतो, आणि तिथे प्रमाण बदललेलं असतं. एवढा अफाट प्रदेश एकाच पानावर बसवायचा, म्हणून लहान करून छापलेला. मुलाचं बोट पार वर जातं, आणि तिथे त्याला आपलं गाव सापडतं: पायाला.

त्या बोटापाशी जरा थांबा. त्याला कुणी काही बोललेलं नाही. शिक्षकांनी हिणवलेलं नाही, पुस्तकात वाईट शब्द नाही. तरी ज्या घरात आईनं सकाळी चूल पेटवली, ज्या वाटेवर तो पहिल्यांदा पडला आणि उठला, ते सगळं देशाच्या हिशेबात शेवटी येतं आणि लहान येतं, हे त्याला कळून चुकलं आहे. आणि बाईंनी पुढचा धडा काढला आहे. असं कळणं कुणाला सांगताही येत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

तुमच्याही लहानपणी असं एखादं पान उलटलं गेलं असेल. आठवत असेल तर त्याच्यापाशी राहा. नसेल तर पुढे जाऊ.

पायाला गाव आर्क्टिक वृत्ताच्या थोडं वर आहे. डिसेंबरात सूर्य क्षितिजाशी येऊन माघारी फिरतो. जूनमध्ये मावळतच नाही. जवळून टोर्ने नदी वाहते, हिवाळाभर गोठलेली. मे महिन्यात बर्फ फुटतो, मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत, गडगडत समुद्राकडे निघतात. ही नदी मनात धरून ठेवा. तिच्या दोन्ही काठांवर एकच माणसं राहत होती. एकच बोली, एकमेकांत सोयरिकी, एकाच पाण्यातला सामन मासा. १८०९ मध्ये स्वीडन रशियाशी युद्ध हरला, फिनलंड हातचं गेलं, आणि तहाची सरहद्द नदीच्या पात्रातून आखली गेली. पलीकडचे काका आता दुसऱ्या राज्यात गेले. अलीकडची माणसं स्वीडनमध्ये राहिली, जीभ मात्र फिन्निश वळणाची. त्या बोलीला आज मेआनकिएली म्हणतात.

एका साम्राज्याच्या सीमेवर परकी वाटणारी बोली बोलणारी माणसं राहिली की राज्यकर्त्यांना धास्ती वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथल्या शाळा फक्त स्वीडिशमधून चालू लागल्या. लांबच्या पाड्यांवरच्या गरीब मुलांना ठेवण्यासाठी वसतिगृहं निघाली, १९०३ पासून ती सुमारे पन्नास वर्षं चालली. तिथे मुलं काम करत, शिकत, आणि घरची बोली तोंडातून निघाली तर शिक्षा भोगत. शाळेच्या आवारात ती बोलायला असलेली बंदी १९५७ मध्ये उठली.

नीएमी यांचा जन्म १९५९ चा, पायालामधलाच. त्यांच्या कादंबरीतली मुलं साठ-सत्तरच्या दशकांत वाढतात. म्हणजे या मुलांना बोलीबद्दल मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. मार खाल्लेली माणसं होती ती घरात: बाप, आजोबा, शेजारचे काका. नियम कागदावरून पुसला गेला होता आणि अंगात शिल्लक होता. घरी अहिराणी किंवा कोरकू बोलून वर्गात गप्प बसलेल्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता त्या गप्प बसण्याजवळ जाऊ.

गोष्टीत दोन मित्र आहेत. मात्ती सांगणारा, आणि नीइला त्याचा सोबती. नीइला लहानपणी जवळजवळ बोलतच नाही. त्याचं घर कडक धार्मिक आहे. लार्स लेवी लेस्ताडियस नावाच्या धर्मगुरूची शिकवण या खोऱ्यात खोल रुजलेली; त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं पायालामध्येच काढली आणि १८६१ मध्ये तिथेच देह ठेवला. दारूनं पोखरलेल्या गरीब वस्त्यांना त्यांनी सावरलं, ही गोष्ट विसरू नये. पण पुढच्या पिढ्यांत काही घरांमध्ये त्या शिकवणीतला जिव्हाळा आटला आणि धाक तेवढा उरला. नीइलाचा बाप ईसाक असाच. प्रवचनाची देणगी त्याच्या हातून निसटली आहे, आणि ती रिकामी जागा तो मुलांना मारून भरतो.

त्या घराच्या दारात मनानंच उभे राहा. आत शिरू नका. भिंतीवरचं घड्याळ ऐका. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज ऐका. कुणी जोरात बोलत नाही, कुणी हसत नाही, आणि पायरीवर बुटांचा आवाज झाला की सगळ्यांच्या पाठी ताठ होतात. अशा घरात मूल गप्प राहायला शिकतं, कारण निघालेला कोणताही शब्द उलटू शकतो. तोंड उघडायचं कुठल्या भाषेत, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

कादंबरीतला एक प्रसंग मला फार प्रिय आहे. आफ्रिकेतून एक पाहुणा धर्मोपदेशक पायालाच्या चर्चमध्ये येतो. त्याचं बोलणं कुणालाच कळेनासं होतं. आणि मग तो मुका समजला गेलेला नीइला उठतो आणि दुभाषा होतो. रेडिओ ऐकता ऐकता तो एस्पेरांतो शिकलेला असतो! एस्पेरांतो ही एकोणिसाव्या शतकात मुद्दाम घडवलेली भाषा. तिला ना देश, ना सरहद्द, ना शाळेची छडी. घरची बोली लाजेची, शाळेची भाषा परकी, आणि जी कुणाचीच नाही तिच्यात या पोराला कंठ फुटतो. या प्रसंगाला घाईनं अर्थ लावू नका. त्या मुलाचा चेहरा तेवढा पाहा.

पुढे त्याला आणखी एक अशीच भाषा मिळते, आणि हिच्यासाठी शब्दही समजावे लागत नाहीत.

नीइलाची आजी वारते. अंत्यविधीला अमेरिकेतले नातेवाईक येतात आणि बरोबरच्या पोरांकडून नीइलाच्या हाती बीटल्सची एक तबकडी लागते. मात्तीच्या बहिणीच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर आहे. त्याला हात लावायची बंदी आहे. दोघं चोरून आत शिरतात.

इथे आपली गती अगदी कमी करू. काळी तबकडी खोक्यातून निघते. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून कडेनं धरलेली. मध्यावर बसते, फिरू लागते. सुई खाली येते. आधी खरखर, त्या खरखरीत दोन मुलं श्वास रोखून. आणि मग तो आवाज. त्यांना इंग्रजी येत नाही. काय गातायत ते कळत नाही, आणि त्यानं काही अडत नाही. छातीच्या पिंजऱ्यावर आतून कुणी धडका द्याव्यात तसं काहीतरी होतं. गाणं संपतं. खोली तीच असते, भिंतीवरचा कागद तोच असतो. पण दोघांना एक गोष्ट कळलेली असते: माणसाच्या आत इतका मोठा आवाज असू शकतो, आणि तो बाहेर काढला तरी छत कोसळत नाही.

पुढे ते दोघं वर्गात तेच गाणं म्हणतात, शब्दांची पार मोडतोड करून. वर्ग थक्क. मला ती मोडतोड सुंदर वाटते. शाळेत आजवर प्रत्येक शब्द बरोबर उच्चारायचा होता. इथे पहिल्यांदा सगळे उच्चार चुकले आणि म्हणणं पोचलं.

तुमच्या आयुष्यात असा आवाज कधी शिरला? गाणं असेल, भजन असेल, शाहिराची डफावरची थाप असेल. तो आठवा, आणि त्याच्या आधीची शांतताही आठवा. ती कुणी शिकवली होती?

पुढे संगीताचे नवे शिक्षक येतात, ग्रेगेर. थेट दक्षिणेतून, नकाशाच्या त्या पहिल्या पानावरून. एका हाताची बोटं अपघातात गेलेली, तरी गिटार वाजवतात. मुलांचा बँड उभा राहतो. वयात येणाऱ्या मुलांच्या चित्रपटांत असतं ते सगळं इथेही आहे: मारामाऱ्या, दारू, मुलींशी पहिली जवळीक, गडबड-गोंधळ. ते पाहताना हसू येतं, पाहून घ्यावं. मला थांबावंसं वाटतं ते त्या खोऱ्यातल्या पुरुषांना कायम छळणाऱ्या एका शंकेपाशी. तिथे बायकी ठरेल अशा वागण्याला ‘क्नापसू’ म्हणतात. झाडं तोडणं, एल्क हरणाची शिकार, नदीतून ओंडके वाहून नेणं ही पुरुषांची कामं. पडदे लावणं, विणणं, फुलांना पाणी घालणं क्नापसू. मग गिटार? मुलांना हा प्रश्न खरोखर पडतो. माईकसमोर उभं राहून मनातलं ओरडणं मर्दाचं काम की कसं? बाप-आज्यांनी याचं उत्तर देऊन ठेवलेलं नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी मनातलं ओरडलंच नव्हतं.

आणि आता सौना. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी टाकलं की उसळणारी वाफ. मात्ती मोठा होतोय हे बापाच्या लक्षात आलं आहे. तो त्याला तिथे घेऊन बसतो आणि बोलायला लागतो. आयुष्यभर न बोललेला बाप, उघड्या अंगानं, घामाघूम. घराण्याची कुळकथा सांगतो: कोणत्या घरांशी आपलं जुनं वैर आहे, आपल्या रक्तात कुणाकुणाला वेड लागलं. आणि बजावतो की फार विचार करत बसायचं नाही. पुस्तकं तर अजिबात नकोत. फार वाचणाऱ्यांनी वेड्यांची इस्पितळं भरली आहेत.

या बापाला हसून सोडून देऊ नका. वाफेत त्याच्याशेजारच्या फळीवर बसा. त्याच्याकडे द्यायला काय आहे? थोडी जमीन, काही वैरं, एक भीती. जे आहे ते तो सगळं देतोय, हातचं राखून काहीच ठेवत नाहीये. ज्याला लहानपणी बोलण्याची शिक्षा झालेल्या माणसांनी वाढवलं, त्याला मुलाला सुरक्षित ठेवण्याचा एकच मार्ग ठाऊक आहे: गप्प राहा, डोकं खाली ठेव, फार आत डोकावू नकोस. हे प्रेमच आहे. चुकीचा सल्ला देणारं प्रेम. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायला जड जातं, पण धरून पाहा. सल्ला झुगारायचा आणि माणसाला झुगारायचं नाही, हे जमेल का? मात्तीला बहुतेक जमतं. नीइलाच्या वाट्याला सौनातला बाप आलेला नाही, पट्टा काढणारा आला आहे. त्याच्याकडून तीच अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही. क्षमा ही सगळ्यांवर सारखी लादायची गोष्ट नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटी या मुलांचं काय झालं? कादंबरी सांगते की मात्ती मोठा होऊन स्टॉकहोमजवळ शिक्षक झाला. विषय स्वीडिश. ज्या भाषेनं त्याच्या आधीच्या पिढ्यांना मुकं केलं, तीच तो शिकवतो. नीएमी यांनीही कादंबरी स्वीडिशमध्येच लिहिली, मेआनकिएलीचे शब्द मध्येमध्ये पेरत. ती आली त्याच वर्षी, एप्रिल २००० मध्ये, मेआनकिएलीला अधिकृत अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता मिळाली. बंदीच्या आणि हेटाळणीच्या त्या काळाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल मात्र २०२३ च्या नोव्हेंबरात आला. तोवर वसतिगृहांत मार खाल्लेली बरीचशी माणसं आपली हकिकत न सांगताच गेली होती.

परक्या भाषेत लिहिणं ही शरणागती होती का? मी यावर बराच काळ विचार केला आहे, आणि मला तसं वाटत नाही. बाघेर स्वतः इराणमध्ये जन्मलेले. घरची भाषा एक आणि कामाची दुसरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल. नीएमी यांनी शाळेची भाषा घेतली आणि तिला सौनात नेऊन बसवलं, ईसाकच्या दारात उभं केलं, नकाशाचं शेवटचं पान आधी वाचायला लावलं. दक्षिणेतल्या लाखो वाचकांना पायाला कुठे आहे ते त्यानंतर शोधावं लागलं.

चित्रपट आता लावा. त्यात माणसं मध्येच एका भाषेतून दुसरीत जातात; खाली मजकूर उमटत राहील, पण तो वाचता वाचता कान उघडे ठेवा. कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं, रागावताना कोणती येते, आणि कोणत्या क्षणी दोन्ही थांबून गिटार सुरू होते, तेवढं ऐका.