भरती पाठ होती, ओळखता आली नाही

बसा. वह्या बंद करा. आज धडा पुढे जाणार नाही.

परवा हाजी अलीच्या वाटेवर जे झालं त्यात कुणाला इजा झाली नाही, म्हणून तुम्ही ते विसरायला निघालात. मी विसरू देणार नाही. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंतची ती वाट साधारण अर्ध्या किलोमीटरची. दोन्ही बाजूंना समुद्र, कडेला कठडा नाही. मोठी भरती आली की वाट पाण्याखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत दर्गा नुसतं बेट होऊन राहतो. हे सगळं मी बसमध्ये सांगत होते, तेव्हा तुमच्या गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. दर्ग्यातून परतायची वेळही ठरवून दिली होती. तरी तुमच्यातले काही जण व्हिडिओ काढायला खाली कातळावर उतरलात. शेवाळलेल्या कातळावर, समुद्राकडे पाठ करून! एका फुलवाल्यानं ओरडून वर बोलावलं, तर त्याला हसलात. त्या माणसाचं अख्खं आयुष्य त्या पाण्याशेजारी गेलंय. तुमचं किती गेलंय?

मला जास्त राग कशाचा आला, ते सांगते. घटक चाचणीत भरती-ओहोटीचा प्रश्न होता. चंद्र, सूर्य, पृथ्वी अमावास्या-पौर्णिमेला एका रेषेत येतात, म्हणून उधाणाची भरती. अष्टमीला काटकोनात येतात, म्हणून भांगाची भरती. आकृतीसकट लिहिलंत, पैकीच्या पैकी गुण घेतलेत. आणि खरी भरती पायाशी आली तेव्हा एकालाही ती ओळखता आली नाही. मग ते गुण कसले?

परवा तिथी कोणती होती? बघा, वर्ग गप्प. द्वितीया होती. घराघरांत दिनदर्शिका टांगलेली असते, पण तिच्यात तुम्ही फक्त सुट्ट्या शोधता. आता नीट ऐका. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जे तास येतील, साधारण त्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याचाच हा ढोबळ हिशेब. किनाऱ्यावरची माणसं तो बोटांवर करतात. आता द्वितीयेची पाऊणपट करा. दीड. म्हणजे दीडला पूर्ण भरती, आणि उधाण तर अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत सगळ्यांत जोरात असतं. आपण अकराला वाटेवर होतो. ओहोटी आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्यानं चढतं, आणि तुम्ही कातळावर उतरलात ते नेमके त्याच तासांत. पहाटे निघायचा माझा हट्ट त्यासाठीच होता. तुम्ही नाश्त्याला तासभर लावलात आणि वर म्हणालात, बाई उगाच घाई करतात.

आपली बस ज्या रस्त्याला लागली होती, तो रस्तासुद्धा भरतीशी झगडूनच झालाय. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत घुसायचा आणि बेटांमधला सखल भाग बुडायचा. ते खिंडार बुजवणारा हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ मध्ये पूर्ण झाला. पुढे बेटं जोडली गेली, शहर वाढलं, पण भरती काही गेली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा समुद्राला भरती होती आणि नाल्यांतलं पाणी बाहेर पडायला जागाच नव्हती. आजही साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधी जाहीर होतात. पूर्वेकडच्या बंदरात १९१४ साली सुरू झालेला इंदिरा डॉक आहे, तेव्हाचा अलेक्झांड्रा डॉक. ओहोटीतही आतल्या जहाजांखाली पुरेसं पाणी राहावं म्हणून त्याच्या तोंडाशी दरवाजे बसवलेत. हजारो टनांची जहाजं पाण्याचा मान राखतात आणि तुम्हाला वाटतं, आपण घाटावरची धीट पोरं, आपल्याला काय होतंय!

आणखी एक. वाटेवर बसलेल्या अपंग माणसांचे व्हिडिओ ज्यांनी काढले, त्यांनी ते आत्ता, माझ्यासमोर पुसून टाकायचे. ती माणसं तुमच्या करमणुकीसाठी तिथे बसलेली नाहीत. आणि दर्ग्यात डोक्यावर रुमाल घ्यायला सांगितल्यावर जे खिदळले, त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटायचं. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी कसं वागायचं, हे अजून शिकवावं लागतं याची मला लाज वाटते.

तुम्हाला घरात कोंडून ठेवायचं माझ्या मनात नाही. समुद्र बघावा, पुन्हा पुन्हा बघावा, मला तो फार आवडतो. म्हणूनच त्याच्यापुढे बेफिकीर उभं राहिलेलं मला चालत नाही. पुढची सहल अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला जाईल. तिथे ओहोटीत चालत जाता येतं आणि पाणी चढायच्या आत परतावं लागतं. जायची तारीख, किल्ल्यात शिरायची वेळ आणि निघायची वेळ मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवायची, तिथी आणि हिशेबासकट. सोमवारी प्रत्येकाची वही तपासेन. ज्याचं उत्तर बरोबर नसेल, तो बसमध्ये चढणार नाही.