पितृसेवा आणि रुग्णाचा शब्द

कर्करोग झालेल्या वडिलांची सेवा घरी करणे हा मराठी कुटुंबांत धर्म मानला जातो. त्यामागे पुंडलिकाची कथा उभी असते. तो आईवडिलांच्या सेवेत असताना विठ्ठल दारात आला आणि पुंडलिकाने वीट पुढे करून त्याला थांबायला सांगितले. सेवा देवदर्शनाहून मोठी, हे त्यातून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. मात्र कीर्तनांतून ऐकू येणाऱ्या या प्रसंगात आईवडील बहुधा काही बोलत नाहीत. केमोथेरपी चालू असलेल्या घरात हे मौन परवडत नाही. ज्याची सेवा करायची त्याच्या मताला सेवेत कोणते स्थान, हा तिथे रोजचा धर्मप्रश्न असतो.

परदेशी राहणाऱ्या कुटुंबांपुढेही हाच प्रश्न येतो. जर्मनीतले माइन नदीकाठचे र्युसेल्सहाइम शहर ओपेलच्या मोटार कारखान्याभोवती वाढले. नोकरीसाठी आलेली भारतीय कुटुंबेही या परिसरात राहतात. जर्मनीत बरीचशी केमोथेरपी दिवसा देऊन रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवतात, त्यामुळे आजार सोसला जातो तो घरातच. औषधानंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते. तेव्हा ताप ३८ अंशांच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करावा लागतो. तोंड येते, वरणभातालाही धातूची चव लागते. अशा वेळी एकादशी मोडल्याची खंत नको, कारण आजाऱ्याला व्रतातून सूट धर्मशास्त्रानेच दिली आहे. आजार म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही कुजबुजही वडिलांच्या कानी पडू नये. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या हातावर कर्करोगाची गाठ झाली आणि १९५० मध्ये त्यांनी देह ठेवला. या दोघांना पापी म्हणायला कोणी धजावणार नाही.

खरा पेच निदानापाशी पडतो. ‘त्यांना सांगू नका, खचतील’ असे आपल्याकडे डॉक्टरांना सर्रास विनवले जाते. जर्मनीच्या २०१३ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार मात्र डॉक्टरांनी स्वतः रुग्णाला, त्याला समजेल अशा रीतीने माहिती द्यायची असते. वडिलांना जर्मन येत नसेल तर दुभाष्याचे काम बहुतेक वेळा मुलाकडे येते. डॉक्टर बोलतात तेवढे सगळे सांगायचे की त्यातले कठीण गाळायचे, हे त्या क्षणी त्याच्या हाती असते. गाळण्यामागे माया असते, यात शंका नाही. पण त्या मायेपोटी वडिलांच्या देहाचा निर्णय त्यांच्या नकळत दुसऱ्याकडे जातो. त्याच कायद्यात रुग्णाला माहिती नको असल्यास तसे स्पष्ट सांगण्याची मुभाही आहे. न ऐकण्याचा हक्कसुद्धा त्याचाच, मुलाचा नव्हे. म्हणून ‘बाबा, किती सांगू?’ हे आधी विचारणे हाच धर्म ठरतो.

याला परंपरेतही भक्कम आधार आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाकडे शुश्रूषेचे ज्ञान, तत्परता, रुग्णाविषयी माया आणि शुचिता हवी. रुग्णाच्या गुणांत, आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे मोडते. म्हणजे चरकाच्या लेखी रुग्ण हा उपचारांचा एक खांब आहे. त्याला गप्प बसवले तर तो खांबच निखळतो.

पितृऋणाची भाषाही तपासून वापरायला हवी. वैदिक परंपरेत पितरांचे ऋण संततीने फिटते. शुश्रूषा ही त्याची परतफेड म्हणून सांगितलेली नाही. तरीही ‘ऋण फेडायचे’ या भावनेने मुले कधी कधी वडिलांना नको असलेला आणखी एक उपचार त्यांच्यावर लादतात. दमलेला बाप मुलांचे मन राखण्यासाठी होकार देतो. ही सेवा मुलाच्या समाधानाची होते, बापाच्या सुखाची राहत नाही.

अंघोळीसारख्या साध्या गोष्टीतही हेच दिसते. सुनेने अंग पुसावे यापेक्षा परक्या परिचारकाने ते काम करावे, असे अनेक वडिलांना वाटते. संकोचामुळे ते बोलत नाहीत. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे आणि २०१७ पासून गरजेच्या पाच श्रेणींनुसार मदत मिळते. अशी मदत घेतल्याने पुत्रधर्म उणा होत नाही. उलट, एरवी सारा भार जिच्यावर पडतो त्या घरातल्या स्त्रीला श्वास घ्यायला जागा मिळते.

बरे होण्याची आशा संपते तेव्हा वेदनाशमनाला प्राधान्य येते. घरी येऊन विशेष उपशामक सेवा मिळण्याचा हक्क जर्मनीत २००७ पासून आहे. अशा सेवेचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना देहाची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असे त्या मानत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे असेच हॉस्पिस १९८६ मध्ये उभे राहिले. कोणता उपचार कुठे थांबवायचा, हे आधी लिहून ठेवण्याला जर्मनीच्या कायद्याने २००९ मध्ये, तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. जर्मनीत वडिलांची शुद्ध हरपल्यास पत्नीला २०२३ पासून वैद्यकीय निर्णयांपुरता सहा महिन्यांचा अधिकार मिळतो. मुलाला तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी वडिलांनी भानावर असतानाच मुखत्यारपत्र करून ठेवावे लागते.