सुकलेलं आणि पक्कं

जुन्या गाडीचं बॉनेट रंगवायला घेण्याआधी जाणता पेंटर एक छोटीशी परीक्षा घेतो. फडक्यावर थिनर घ्यायचं, बॉनेटच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, थोडा वेळ दाबून धरायचं आणि घासायचं. फडक्यावर रंग उतरला तर आधीचा रंग नुसता सुकलेला आहे. फडकं कोरं राहिलं तर तो पक्का. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसून अजून चमकणारा रंगसुद्धा या परीक्षेत मिनिटाभरात विरघळू शकतो.

तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची कथा मराठी घरात नव्याने सांगावी लागत नाही, पण इथे ती आठवल्याशिवाय राहत नाही. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते पाहायचं साधन, असं उत्तर मिळताच तिने आमचीही मडकी पाहा म्हटलं. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. पुढे ते गुरूपदेशासाठी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले.

ही कथा बहुतेक वेळा अहंकारावरची म्हणून सांगतात. कुंभाराच्या बाजूने ऐकली तर तिच्यात आणखी एक गोष्ट सापडते. कच्चं मडकं ओलं नसतं. ते चांगलं खडखडीत वाळलेलं असतं, हातात घेतलं तर घट्ट लागतं, दिसायलाही देखणं असतं. पण पाण्यात ठेवलं की पुन्हा चिखल. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणीच निघून जातं आणि मातीची घडण बदलते. मग ते फुटेल, पण चिखल होणार नाही. वाळणं आणि भाजणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि डोळ्यांना त्यांतला फरक कळेलच असं नाही.

गाडीच्या रंगात नेमकं हेच घडतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्प्रे कॅनमधला ॲक्रिलिक रंग द्रावक उडून गेल्यावर सुकतो. रेणू होते तसेच राहतात, फक्त दाटीवाटीने बसतात. द्रावक पुन्हा भेटलं की मोकळे होतात. म्हणून मोटारसायकलची टाकी अशा डब्याने रंगवली आणि भरताना चार थेंब पेट्रोल सांडलं, की तिथला रंग फुगतो, चिकट होतो. याउलट हार्डनर मिसळलेल्या रंगात रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात. गॅरेजच्या भाषेत याला टू-के म्हणतात: दोन घटक, रंग आणि हार्डनर. एकदा मिसळले की घड्याळ सुरू. काही तासांत तो रंग मारला नाही तर भांड्यातच घट्ट होतो. परत रंगाच्या डब्यात ओतायची सोय नसते.

स्प्रे कॅन की स्प्रे गन, हा वाद गाडीवाल्यांमध्ये खर्च आणि सोय यांवर चालतो. त्या हिशेबात चूक काही नाही. ४०० मिलीचा डबा घ्या, आतली गोळी खडखडेपर्यंत आणि त्यानंतरही मिनिट-दोन मिनिटं हलवा, वीतभर अंतरावरून आडवे हात मारा. आरशाची टोपी, बॅटरीची पट्टी, व्हील कॅप अर्ध्या दिवसात तयार. पण डब्याचा दाब त्याच्या मनाप्रमाणे चालतो. आतला वायू बाहेर पडताना डबा गार होतो, दाब उतरतो, आणि बारीक तुषारांऐवजी ठिपके पडू लागतात. गनला कॉम्प्रेसर हवा, नळी हवी, हवेतलं पाणी अडवणारी गाळणी हवी, बेस आणि क्लिअरसाठी १.३ किंवा १.४ मिमीचा नोझल हवा. त्याबदल्यात रंग किती, हवा किती, फवाऱ्याचा पंखा किती रुंद, हे तिन्ही हाताशी. अख्खं बॉनेट डब्याने मारायला गेलं की पट्टे दिसतात. गनने तेच एकसारखं उतरतं, अर्थात हात बसलेला असेल तर.

तरीही खरी सीमारेषा या दोन साधनांच्या मधून जात नाही. आपल्याकडे अजूनही गाडीच्या स्प्रे कामाला सर्रास ‘डुको’ म्हणतात. मूळचा डुको म्हणजे अमेरिकेत १९२० च्या दशकात आलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर. पूर्वी एका गाडीचा रंग वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. डुकोने ते काम तासांवर आणलं. तो मारला जाई गननेच, पण थिनरने तो कायम विरघळतो. म्हणजे गनमधून आलेला, तरी कच्चा. दुसऱ्या टोकाला आता असेही डबे मिळतात ज्यांच्या तळाशी हार्डनरची वेगळी कुपी असते. तळाची कळ दाबली की ती आत फुटते आणि डब्यातला रंगच पक्का होणारा बनतो. साधनावरून माणसाची जात ओळखणाऱ्यांना इथे थांबावं लागतं. महागडी गन हातात असलेला कच्चं काम करू शकतो आणि डबेवाला पक्कं. गोरोबांनीही कुणाचा वेश पाहिला नव्हता.

मग पक्कं तेच श्रेष्ठ का? इथे प्रश्न अवघड होतो. जुनी चित्रं दुरुस्त करणारे संवर्धक मुद्दाम उलटं वागतात. आपण केलेली डागडुजी उद्या कुणाला मूळ चित्राला धक्का न लावता काढता आली पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यासाठी ते पॅरालॉइड बी-७२ सारखी ॲक्रिलिक राळ वापरतात, जी कितीही वर्षांनी ॲसिटोनमध्ये विरघळते. त्यांच्या कामात परत फिरता येणं हाच सज्जनपणा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एखादी पद्मिनी गाडी अजून मूळ रंगात उरली असेल, तर तिच्या दारावरच्या ओरखड्याला पक्क्या रंगाचा जाड थर देण्यापेक्षा पुसता येईल असा थोडासा रंग लावणं अधिक आदराचं ठरेल.

याहून मोठी अडचण श्वासाची आहे. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून उडणारं त्याचं धुकं बरंचसं दिसतही नाही आणि वासावरून धोका कळेल असंही नाही. शरीर एकदा त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो, आणि पेंटरला पोटाचा धंदा सोडावा लागतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. गल्लीतल्या गॅरेजमध्ये मात्र तोंडावर रुमाल बांधलेला पोरगा दिसतो. तळाशी कुपी असलेल्या डब्यालाही हे सगळं तितकंच लागू आहे. तो घराच्या पार्किंगमध्ये, सोसायटीची मुलं खेळत असताना मारणं हा अपराधच. स्प्रे गनचा वंश आठवला की मन अस्वस्थ होतं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रुग्णाच्या घशात औषध फवारायचं उपकरण बनवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच तत्त्वावर रंगाची गन घडवली. घशाला आराम द्यायला जन्मलेली युक्ती आज दुसऱ्याचा घसा जाळते आहे, आणि त्याची किंमत बॉनेटच्या बिलात कुठेच लिहिलेली नसते. आपल्या गाडीचा रंग दहा वर्षं टिकावा म्हणून कुणाचा श्वास खर्ची पडतो, हे ग्राहकाने विचारलंच पाहिजे. मास्क आणि हवा खेचणारा पंखा असलेल्या जागी चार पैसे जास्त मोजणं हे त्याच्या वाट्याचं कर्म आहे.

आणि उरलेलं कर्म तर रंगाच्या आधीच होऊन गेलेलं असतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तिथे विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड हवी असं सांगत त्या जोडीला विकर्म म्हटलं. पत्र्यावरचा गंज खरवडणं, लांबी भरून ती ३२० च्या पेपरने घासणं, प्रायमरवर पाणी पेपर फिरवत बोटांच्या पेरांनी खड्डा शोधणं, मेण आणि तेलाचा अंश पुसणं, या कामांत मनाची अशी जोड लागते, कारण ती कुणाला दिसणार नसतात. घाई करणारा इथेच वेळ वाचवतो. तेलकट अंगठ्याचा एक ठसा राहिला तर तिथे रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो, मग हातात डबा असो की गन.

दुपारी एक गिऱ्हाईक आपल्या मोटारसायकलची साइड कव्हरं घ्यायला येतं. पेंटर ती फडक्याने पुसून समोर ठेवतो. काळा रंग छान बसलाय, कडेला ओघळ नाही.

‘‘काका, टाकीसारखाच रंग ना हा?’’

‘‘दिसायला तसाच. पण टाकी हार्डनरची आहे, ही दोन्ही डब्याने मारलीत. पेट्रोल भरताना खाली एक फडकं धरत जा.’’

गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं, आणि पेंटरकडूनच एक जुनं फडकं मागून घेतं.