उपऱ्याचे मन

आजचे वाचन : निर्गम 23:9

परक्या माणसाशी कसं वागायचं हे देव आजच्या वचनात इस्राएल लोकांना सांगतो, आणि कारणही देतो. मिसर देशात तुम्ही स्वतः उपरे होता, तेव्हा त्याच्या मनात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग प्रश्न पडतो, ठाऊकच आहे तर आज्ञा कशाला?

कारण सोसलेला माणूस आपोआप दयाळू होत नाही. "आम्हाला कोण होतं मदतीला? आम्ही शिकलोच ना!" हे वाक्य सासूच्या तोंडी असतं, कॉलेजमधल्या सीनियरच्या तोंडी असतं. आमच्या आयटीत तर रोजचंच. नवीन मुलाचा सेटअप दोन दिवस चालत नाही. ज्याने मागच्या वर्षी तोच त्रास काढला, तो एक तर पुढच्यासाठी पाच ओळी लिहून ठेवतो, नाहीतर मजा बघतो. आठवण तीच, पण वाटा दोन. म्हणून देव नुसती आठवण देऊन थांबत नाही, आज्ञा करतो.

रियान अलशेबल यांची गोष्ट मला इथे आठवते. ते सिरियातल्या सुवैदाचे. 2015 साली, 21 वर्षांचे असताना, रबरी होडीतून ग्रीसच्या लेस्बोस बेटावर उतरले आणि पुढे जर्मनीत पोचले. भाषा शिकले, आल्टहेंगश्टेट गावच्या नगरपालिकेत प्रशिक्षण घेऊन तिथेच नोकरी केली. एप्रिल 2023 मध्ये शेजारच्या ओस्टेल्सहाइम या सुमारे अडीच हजार वस्तीच्या गावाने त्यांना महापौर म्हणून निवडून दिलं. तिथे निर्वासितांची सुरुवातीची सोय सरकारी केंद्रात होते, पण पुढे त्यांना छप्पर देण्याची जबाबदारी गावावर येते. म्हणजे एकेकाळी जो टेबलाच्या अलीकडे कागद घेऊन उभा होता, तो आता पलीकडे बसला.

पण पलीकडे बसल्यावर खरी परीक्षा सुरू होते. तो सगळ्या गावाचा महापौर आहे. जन्मापासून तिथे राहणाऱ्या आजोबांचाही, काल आलेल्या कुटुंबाचाही. आपल्यासारख्याला झुकतं माप दिलं तर तो अन्याय. कोणी पक्षपाती म्हणेल या भीतीने त्यालाच जास्त ताटकळत ठेवलं, तर तोही अन्यायच. मग उपऱ्याचं मन जाणण्याचा उपयोग काय?

लेवीय 24:22 मध्ये देव उपऱ्याला आणि देशातल्या माणसाला एकच नियम लावतो. मला वाटतं, उत्तर तिथे आहे. नियम सगळ्यांना सारखाच, पण तो समजावून सांगताना समोरचा किती घाबरलाय हे ज्याला कळतं, तोच तो नीट समजावू शकतो. कोणता कागद कुठे मिळेल, "उद्या या" याचा अर्थ नक्की काय, हे शांतपणे सांगायला कुठलाही नियम वाकवावा लागत नाही. टेबलावरची दया बहुतेक वेळा एवढीच असते. तेवढी पुष्कळ आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या टेबलाच्या पलीकडे बसतो. आज तिथे कोण येऊन उभं राहणार आहे?

प्रार्थना : प्रभू, आमच्या जुन्या दुःखाचा अभिमान होऊ देऊ नकोस. मागून येणाऱ्याला त्यातून वाट दिसू दे. आमेन.