देवीची वाट, रयतेचे शेत

पवनार ते पत्रादेवी असा, मूळ आराखड्यात सुमारे 802 किलोमीटरांचा, नियोजित शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर व कोल्हापूर ही देवीस्थाने जोडणार असल्याने, नांदेड-लातूरच्या रयतेपुढे भूसंपादनाबरोबरच एक धर्मप्रश्नही उभा राहिला आहे: ज्या दर्शनासाठी दुसऱ्याची जमीन त्याच्या संमतीवाचून घ्यावी लागते, त्याचे पुण्य कोणाच्या पदरी पडावे?

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरच्या केळीबागांत हा प्रश्न मूर्त होतो. कारण ठरावीक ठिकाणीच प्रवेश देणाऱ्या अशा बंदिस्त रस्त्यावर चढण्या-उतरण्यासाठी इंटरचेंज बांधावा, तर त्याची वळसेदार वर्तुळे आणखी बागाईत गिळतात, आसपासच्या गावांची सारी वाहने त्याच्या तोंडाशी एकवटून जुना तालुका-रस्ता तुंबतो. आणि न बांधावा, तर आपल्याच शिवारातून गेलेला रस्ता गावाला परका राहतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर पादचारी, बैलगाडी व दुचाकी यांना मज्जाव आहे; तोच दंडक येथे लागला, तर माहूरगडी पायी निघालेल्या भाविकाला शक्तिपीठाचाच मार्ग बंद होईल.

यात्रेचे श्रम वाचविणे मी पाप मानीत नाही. वृद्ध व व्याधिग्रस्त यांना सुलभ वाट हवीच. परंतु सातबाऱ्यावरील खातेदाराची संमती मोबदल्याच्या रकमेहून श्रेष्ठ आहे, आणि विद्यमान महामार्ग रुंद करून ही तीर्थे जोडता येतील काय, याची चौकशी मोजणीचे दगड रोवण्याआधी, त्याच्या बांधावर बसून व्हायला हवी.